"मला ऐकू येतंय" म्हणणारे नवरे आणि आवाजाने गेलेले कान

गोदाकाठची_रेवा

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज धागा काढतेय.

आमचे अहो नाशिकच्या सातपूरला एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात होते, आता निवृत्त. उभा जन्म पॉवर प्रेसच्या शेजारी गेला. कान उतरलेत हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यांना सोडून. स्वयंपाकघरातून काही विचारलं की "हो" म्हणतात. कशाला हो म्हणाले ते पिशवीतून मेथीऐवजी भेंडी निघाली की कळतं. बँकेचा फोन आला की मुकाट माझ्या हातात देतात. लग्नकार्यात मी शेजारी बसून कोण काय म्हणालं ते पुन्हा सांगते, तेही कुणाला कळू न देता. नातवंडं आताशा आजोबांना गोष्टी सांगायला जातच नाहीत, सरळ माझ्याकडे येतात. तपासणीचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: "तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस."

शोधता शोधता स्वीडनमधल्या मारी-लुईझ बारेनेस या संशोधिकेचं काम सापडलं. त्यांनी लिलेमोर हालबर्ग यांच्यासोबत १९९३ साली एक अभ्यास छापला. कारखान्याच्या आवाजाने कान गेलेल्या पुरुषांच्या बायकांच्या मुलाखती त्यात आहेत. पुरुषांच्या नाही, बायकांच्या! पुरुष कबूल करायला तयार नसतात हे तर त्यात आहेच, पण बायका काय करतात तेही आहे. कुणी नवऱ्याच्या सोबतीने झाकपाक करते, कुणी "एवढं काही नाही हो" म्हणून विषय छोटा करते, कुणी नवरा आणि जग यांच्यात मध्यस्थ होते, कुणी हळूहळू लांब जाते. वाचून बराच वेळ गप्पच होते. मी आधी पहिली होते, आता पक्की तिसरी आहे, आणि चौथी व्हायची भीती वाटते.

याच बाईंनी टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलींच्या कानांवरही काम केलंय. कारखान्यातले पुरुष आणि गुणसूत्रांचा दोष असलेल्या मुली, यांचा एकमेकांशी संबंध काय? इथे कुणी जाणकार असेल तर सांगा. आणि माझा खरा प्रश्न: तुमच्यापैकी कुणी घरच्या माणसाला तपासणीला नेऊ शकलंय का? कसं?

---

मिसळ_आणि_मी

पहिला! आमच्याकडे उलट आहे. मला सगळं ऐकू येतं, पण बायको म्हणते येत नाही. 😀

---

सुलभा_ना_रोड

रेवाताई, अगदी घरातलं लिहिलंत. माझे वडील छपाईच्या यंत्रांवर होते. आई शेवटी त्यांच्याशी फक्त कामाचं बोलायची. "जेवायला या", "औषध घेतलं का", "फोन आलाय". गप्पा अशा राहिल्याच नव्हत्या, कारण गप्पा ओरडून मारता येत नाहीत. आम्हा भावंडांना वाटायचं दोघांचं बिनसलंय. बिनसलं काहीच नव्हतं.

---

कट्टेकरी_सिडको

>> तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस

हे वाक्य कुठे छापून वाटतात का? आमच्या तीर्थरूपांचंही हेच. वर पुन्हा "आजकालचे नट नीट बोलत नाहीत" ही पुरवणी.

---

कानगोष्टी

मी श्रवणतज्ज्ञ आहे, नाशिकमध्येच. हे वाक्य मी रोज ऐकते, आणि ते खोटं नसतं. त्यांना खरंच तसं ऐकू येतं.

आतल्या कानात शंखासारखा भाग असतो, त्यात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात. एका कानात आतल्या रांगेत साधारण ३,५०० आणि बाहेरच्या रांगांमध्ये १२,००० च्या आसपास. मोठ्या आवाजात आधी बाहेरच्या मरतात. द्राक्षबाग गारपिटीत झोपली तरी छाटणी करून पुढच्या हंगामात उभी राहते. माणसाच्या केसपेशी पुन्हा येत नाहीत. आणि त्या सगळीकडून सारख्या मरत नाहीत. ३,००० ते ६,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात, बहुतेक वेळा ४,००० ला, तपासणीच्या आलेखात एक खड्डा दिसतो. त्याच्या खालचे, म्हणजे जाड आवाज कित्येक वर्षं चांगले राहतात.

आता बोलण्यात काय असतं बघा. स्वर जाड आणि दणकट, ते ऐकू येतात. स, श, फ, थ, ट ही व्यंजनं बारीक आणि दुबळी, ती खड्ड्यात पडतात. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, दार आपटलेलं ऐकू येतं, मग माणूस म्हणणारच ना, "माझे कान ठणठणीत आहेत". बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज मुळात बारीक, त्यात पंखा चालू, कुकरची शिट्टी, नळ सुरू. तिथून विचारलेला प्रश्न त्यांच्यापर्यंत अर्धाच पोचतो. मुद्दाम दुर्लक्ष करतात असं बायकोला वाटतं, ती पुटपुटते असं नवऱ्याला वाटतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

गुणसूत्रांबद्दल रात्री लिहिते, ओपीडी आहे.

---

मिसळ_आणि_मी

म्हणजे आता माझ्याकडे वैद्यकीय कारण आहे. धागा वाचनखुणेत टाकला.

---

सातपूरकर_आप्पा

कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो. आपल्याकडे कारखान्यांना ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतली नायॉश ही संस्था ८५ ची शिफारस करते. लोकांना वाटतं ५ चाच तर फरक आहे. डेसिबलचं गणित बेरजेचं नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. नायॉशच्या हिशोबाने ८५ ला ८ तास चालतात, ८८ ला ४, ९१ ला २, ९४ ला १, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं.

इअरप्लग कंपन्या देतात. पोरं घालत नाहीत. आळशी आहेत म्हणून नाही. जुना ऑपरेटर डाय (साचा) बसली की नाही ते आवाजावरून ओळखतो, प्लग घातला की तो आंधळा झाल्यासारखा होतो. शिवाय घातला तरी नीट घालत नाहीत. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. बाहेर बुचासारखा लोंबत असेल तर घातला न घातला सारखंच. हे मी शॉपवर उभं राहून एकेकाला करून दाखवायचो, तरी जेवणानंतर अर्ध्यांचे प्लग खिशात.

माझ्या वेळच्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजाने आलेला बहिरेपणा नोंदवण्याजोगा आजार म्हणून होता. नोंद किती व्हायची, ते ज्याचं त्याने समजावं.

---

ढोलवाला_पंचवटी

वाचतोय. लवकरच कुणीतरी ढोलावर घसरणार याची वाट बघतोय.

---

निवांत_गंगापूर_रोड

घसरतो ना! गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून रोज संध्याकाळी तुमचा सराव. विसर्जनाला वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली की मेन रोडला राहणाऱ्यांनी कुठे जायचं? २००० च्या ध्वनी नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. तुमचा एक ताशा एकटाच ते खाऊन टाकतो.

---

ढोलवाला_पंचवटी

नाशिक ढोल ही आपली ओळख आहे, दादा. राज्यभरातून बोलावणी येतात. डीजेची भिंत आणि ढोल एका मापात मोजू नका. ढोल वाजवणारा थकतो, डीजे थकत नाही.

---

सातपूरकर_आप्पा

ढोलवाले, कान माणसाचा असतो, त्याला परंपरा कळत नाही. तुम्ही ऐकणाऱ्याचं बोलताय, मी वाजवणाऱ्याचं बोलतोय. मिरवणुकीत प्रेक्षक दहा मिनिटं उभा राहतो आणि पुढे जातो. पथकातलं पोर ताशाच्या शेजारी पाच-सहा तास असतं, आणि त्याआधी महिनाभर सराव. माझ्या शॉपमधल्या कामगाराला कायद्याने निदान वर्षाला कानाची तपासणी तरी होती. तुमच्या पोरांची कोण करतं?

---

ढोलवाला_पंचवटी

... हे मात्र खरं आहे. सरावानंतर घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजते, सकाळपर्यंत जाते. सगळ्यांनाच होतं म्हणून कुणी बोलत नाही.

---

कानगोष्टी

ती शिट्टी म्हणजे कानाची तक्रार. आवाजानंतर कान तात्पुरता उतरतो आणि पुन्हा वर येतो, पण दरवेळी सगळाच वर येत नाही. संगीतकारांसाठी वेगळे प्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या कमी करतात, त्यामुळे ताल आणि हाका कळतात. फोमने नुसतं घुमल्यासारखं वाटतं, म्हणून वादक ते काढून टाकतात.

अवांतर: बारेनेस बाईंनी याच तात्पुरत्या उतरण्यावरही काम केलंय. डोळ्यांचा रंग, म्हणजे शरीरातलं मेलॅनिन, आणि आवाजाला कान किती दाद देतो याचा संबंध आहे का, असा प्रश्न होता. मेलॅनिन आतल्या कानातही असतं.

---

मिसळ_आणि_मी

घाऱ्या डोळ्यांच्या मंडळींनी कृपया मिरवणुकीत मागे उभं राहावं.

---

तांबट_गल्ली

ढोलाआधीही नाशिकमध्ये कान जात होते, बरं का. आमचे आजोबा तांबट. जुन्या तांबट लेनमध्ये घर. सकाळी सात वाजल्यापासून घरोघर मठारणं सुरू. हंड्याच्या आत लोखंडी खरवई घालून बाहेरून हातोडीचे ठोके, एकाला एक लागून, तांबं चमकेपर्यंत. हंडा पोकळ, म्हणजे आवाज त्यातच घुमून वाजवणाऱ्याच्या तोंडावर येणार. त्या काळी ज्याला लांबून हाक ऐकू येते तो तांबट कामचुकार, अशी थट्टा चालायची. आजी आजोबांशी बोलायची ती हातवाऱ्यांनी. चहा म्हणजे बशी धरल्यासारखा हात, पाहुणे आलेत म्हणजे पदर सावरायचा. आम्हा नातवंडांना ते खेळासारखं यायचं.

नंतर कळलं की इटलीतले वैद्य रामाझिनी यांनी १७०० सालीच व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलंय. दिवसभर ठोकत बसल्याने कान मंद होतात आणि म्हातारपणी पार बहिरे होतात. तीनशे वर्षांपूर्वी समजलेली गोष्ट, आणि आपण अजून "वयाने होतं" म्हणतो.

---

सुलभा_ना_रोड

पदर सावरायची खूण! किती छान. आईलाही असं काही सुचलं असतं तर.

---

निवांत_गंगापूर_रोड

तांबट लेनवरून आठवलं, तिथली रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद, अजून उघडतात ना? लहानपणी त्यात धप्पा (उडी) मारला होता, आठवडाभर कानात पाणी. कान दुखून बेजार.

---

तांबट_गल्ली

उघडतात की. रहाडीसाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

---

मॉडरेटर_३

कृपया विषयाला धरून. (धप्पा मीही मारलाय.)

---

ओवीची_आई

बरेच प्रतिसाद वाचले, मग लिहायचं ठरवलं. माझी मुलगी डाऊन सिंड्रोमची आहे, आता शाळेत जाते. रेवाताईंचा गुणसूत्रांचा प्रश्न वाचून थांबले.

ओवी दीड-दोन वर्षांची असताना हाक मारली तर बघायची नाही. घरात, नात्यात, एका दवाखान्यातही एकच उत्तर: "डाऊनची मुलं अशीच असतात, उशिरा प्रतिसाद देतात." शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी कानात बघितलं. नळी इतकी अरुंद की मळाच्या पलीकडे काही दिसेना. मळ काढल्यावर पडद्यामागे चिकट पाणी भरलेलं दिसलं. बेरा (मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ती तपासणी) केली, टिम्पॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का ती तपासणी) केली. मग ग्रोमेट टाकले, म्हणजे पडद्यात बारीक नळी बसवून हवा खेळती ठेवायची. घरी आल्यावर कुकरची शिट्टी झाली आणि ती दचकून रडायला लागली. मी पण रडले, वेगळ्या कारणाने.

हिच्यासारख्या मुलांना मळ, पाणी आणि त्यामुळे कमी ऐकू येणं इतकं सर्रास असतं की जन्मल्यावर तपासणी, मग दर ६ महिन्यांनी, आणि दोन्ही कान वेगवेगळे तपासता येऊ लागले की दरवर्षी, असा नियमच आहे. मला हा नियम कुणी सांगितला नव्हता. ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांनी "मतिमंद आहे म्हणून ऐकत नाही" हे वाक्य कुणाकडूनही ऐकून घेऊ नका. आधी कान बघायला लावा. सिव्हिलला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, तिथे विचारा.

---

कट्टेकरी_सिडको

ओवीच्या आई, 🙏. एवढंच.

---

कानगोष्टी

ओवीची आई, एकही शब्द बदलावासा वाटत नाही. फक्त एक भर: डाऊनमध्ये वयाने येणारा बहिरेपणाही लवकर येतो, म्हणून ओवी मोठी झाली तरी तपासणी सोडू नका.

आता टर्नर. डाऊनमध्ये २१ वं गुणसूत्र एक जास्तीचं असतं, टर्नरमध्ये मुलीला दुसरं एक्स गुणसूत्र नसतं किंवा अर्धवट असतं. साधारण २,००० ते २,५०० मुलींमागे एक. उंची कमी, पाळी आपोआप न येणं, यावरून बहुतेकदा निदान होतं, आणि मग सगळं लक्ष उंचीच्या इंजेक्शनांवर आणि हार्मोनवर जातं. कान मागे राहतो. लहानपणी यांचेही कान सारखे फुटतात, पाणी भरतं. पण त्याशिवाय आतल्या कानाचा वेगळा प्रकार असतो. आलेखात खड्डा ४,००० ला नाही, मध्येच, २,००० हर्ट्‌झच्या आसपास. आणि वय वाढेल तसे बारीक आवाजही जात राहतात, इतर बायकांपेक्षा बऱ्याच आधी.

बारेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बघितलं की ज्यांच्यात एक्सची आखूड बाजू पूर्णच नाही, त्यांच्या कानांचे त्रास जास्त. त्यांची मांडणी अशी: गुणसूत्रांत बिघाड असला की पेशींचं विभाजन रेंगाळतं. गर्भात ठरलेल्या वेळेत जेवढ्या पेशी व्हायला हव्यात तेवढ्या होत नाहीत. उंची कमी पडते, तशाच शंखातल्या केसपेशीही जन्मतःच कमी पडतात. मग वयानं झिजायला शिल्लकच थोडी.

रेवाताई, तुमच्या "संबंध काय" याला माझं उत्तर हे. केसपेशींचा साठा एकदाच मिळतो. तुमच्या अहोंनी तो प्रेससमोर खर्च केला, त्या मुलींना तो कमीच मिळाला. आणि म्हणूनच ज्यांना कमी मिळालाय त्यांना डीजेसमोर नाचायला पाठवताना दहादा विचार करायला हवा. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्पीकरच्या पुढ्यात बसवलेली अशी मुलं मी बघते, तेव्हा जीव कासावीस होतो.

---

अनामिक_आई

नवीन खातं काढून लिहितेय. मुलगी टर्नरची आहे, कॉलेजात. वर्गात मागे बसली की ऐकू येत नाही म्हणायची, सर म्हणायचे लक्ष नाही. कॅरिओटाइपचा (गुणसूत्रांच्या तपासणीचा) रिपोर्ट, उंचीचे आलेख, हार्मोनचे रिपोर्ट सगळ्यांची फाईल आहे आमच्याकडे. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, एकही नाही. या आठवड्यात करतो. धन्यवाद कानगोष्टीताई.

---

कानगोष्टी

नक्की करा. लहानपणी निदान दर ३ वर्षांनी आणि मोठेपणी दर ५ वर्षांनी तरी हवाच, त्रास असेल तर आधी. जाताना फाईल सोबत न्या, तपासणाऱ्याला "टर्नर आहे" हे सांगा, म्हणजे तो मधला खड्डा शोधेल.

---

निवांत_गंगापूर_रोड

एक शंका. आप्पांच्या कामगारांना किंवा रेवाताईंच्या अहोंना दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं का? म्हणजे यंत्र स्वस्तात मिळेल.

---

सातपूरकर_आप्पा

बहुतेकांचं अडतं. २०१६ च्या कायद्यात कमी ऐकू येण्यासाठी दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्ट्यांत ६० डेसिबलची घट लागते. आवाजाने गेलेल्या कानात जाड पट्ट्या शाबूत असतात, त्यामुळे सरासरी चांगली दिसते. कागदावर माणूस धडधाकट, लग्नात मात्र कोपऱ्यात बसलेला. माझ्या ओळखीचे दोघे असेच परत आले. तरी केसपेपर काढून तपासणी करून घ्यावी, त्याला काही जात नाही.

---

सुलभा_ना_रोड

मंडळी, रेवाताईंचा मूळ प्रश्न राहिलाच. तपासणीला न्यायचं कसं?

माझा भाऊ वडिलांना "तुमचे कान तपासू" असं म्हणालाच नाही. "आईला ऐकू येत नाही असं वाटतंय, तिला घेऊन जायचंय, तुम्ही सोबत चला" म्हणाला. तिथे गेल्यावर दोघांचीही झाली. आईचा आलेख सरळ, वडिलांचा खड्डा. बघून वडील फक्त म्हणाले, "मशीन बरोबर आहे ना?"

---

कट्टेकरी_सिडको

हा डाव भारी आहे. ढापला.

---

मिसळ_आणि_मी

मी पण जाऊन येतो. बायको म्हणते कारण शोधू नको, नंबर लाव.

---

गोदाकाठची_रेवा

सगळ्यांचे आभार. कानगोष्टीताईंचा तो स, श, फ, थ वाला प्रतिसाद अहोंना मोबाईलवर वाचायला दिला. मी वाचून दाखवला नाही मुद्दाम, नाहीतर पुन्हा "पुटपुटतेस". दोनदा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे तू बोलतेस ते अर्धं येतं." मी म्हटलं, हो. त्यावर "मग अर्धं काय कमी आहे?" म्हणून पेपर उघडला. पण जेवताना स्वतःहून विचारलं की त्या तपासणीत सुई टोचतात का.

सुलभाताई, तुमचा डाव मला जमणार नाही, ते लगेच ओळखतील. शनिवारचं बघतेय. काही तयारी लागते का?

---

कानगोष्टी

सुई नाही, काही नाही. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीकसा जरी आवाज आला तरी बटण दाबायचं. आदल्या दिवशी दणदणाटात जायचं नाही, कान शांत हवेत. कानात मळ असेल तर आधी काढून घ्या. आणि तुम्ही सोबत आत या, रिपोर्ट समजावताना तुम्ही असणं गरजेचं आहे. यंत्र घेतलंच तर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज नकोसा वाटेल, तेव्हा ते काढून कपाटात ठेवतील. तिथेच बहुतेक यंत्रं संपतात. पहिल्यांदा घरात, शांत वेळी, तुमच्याशी बोलताना थोडा थोडा वेळ घालू द्या. लग्नात नंतर.

---

ढोलवाला_पंचवटी

कानगोष्टीताई, ते वादकांचे प्लग पथकासाठी घाऊक मिळतील का? ताशावाल्यांना आधी देतो. आणि पोरांची तपासणी एकदम करायची असेल तर तुमच्याकडे किती जण आणू शकतो एका दिवशी? विपू (विचारपूस) बघा.

---

सातपूरकर_आप्पा

प्लग घालताना कान वर-मागे ओढायला शिकवायला मी येतो. रविवार सोडून सांगा.